दहा घरांचे वानखडे सर

माझी रसायनशास्त्राची प्रयोगशाळा कॉलेजच्या मागच्या अंगाला आहे आणि तिच्या खिडकीखाली बास्केटबॉलचं कोर्ट. जयपूरच्या ज्या मुलींच्या कॉलेजात मी शिकवते, तिथे ही खोली कुणालाच नको होती, कारण दिवसभर चेंडू आपटण्याचा आवाज. मी नवी आणि बाहेरची, म्हणून ती माझ्या वाट्याला आली. पहिली दोन वर्षं त्या आवाजाने माझं डोकं उठायचं. आता वेगळंच होतं. आता कोच नवे आहेत, मुली नव्या आहेत, सराव फक्त संध्याकाळी असतो. पण कधी कधी भर दुपारी, खाली चिटपाखरू नसताना, वर मुली ब्युरेटमधले थेंब मोजत असताना, मला तो आवाज येतो. धप्. थोडं थांबून पुन्हा धप्. मी खिडकीशी जाऊन बघते. कुणी नसतं. एखादी मुलगी विचारते, "मॅम, क्या हुआ?" मी म्हणते, "कुछ नहीं, रीडिंग लो."

वानखडे सरांबद्दल लिहायचं मी इतके दिवस टाळलं, कारण ते लिहिताना एका ठिकाणी मलाही यावं लागणार हे मला माहीत होतं.

त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कोर्ट झाडत होते. जयपुरात उन्हाळ्यात धुळीची वादळं येतात, 'आँधी' म्हणतात त्यांना, आणि ती येऊन गेली की सगळ्या शहरावर पिवळी बारीक रेती पसरते. त्या रेतीवर मुली घसरतात म्हणून सर आधी खराट्याने आणि मग ओल्या गोणपाटाने सगळं कोर्ट पुसून काढत. साठी ओलांडलेला उंच, काळासावळा, किंचित वाकलेला माणूस. मला वाटलं शिपाई असतील. मी खिडकीतून ओरडले, "भैया, धूल ऊपर आ रही है!" त्यांनी वर पाहिलं, खराटा थांबवला आणि म्हणाले, "खिडकी लावून घ्या न बापा."

मराठी! मी धावत खाली गेले.

"तुमी कुठच्या?" त्यांनी विचारलं.

"सांगलीची."

"मी अमरावतीचा. म्हणजे तिकडं असतो त तुमाले माही भाषा समजली नसती, अन् मले तुमची. इथं आपण गाववाले."

एका केंद्रीय कचेरीत खेळाडूंच्या कोट्यातून लागलेले, बदली होऊन जयपूरला आलेले, आणि निवृत्तीनंतर इथेच राहून आमच्या कॉलेजात बास्केटबॉलचे कोच झालेले. झोटवाड्यात एका लेथच्या कारखान्यावरच्या दोन खोल्यांत ते आणि मंगलावहिनी राहत. खालची यंत्रं सुरू असली की कपबश्या फडताळात थरथरायच्या. मूलबाळ नव्हतं. माझ्या नवऱ्याची विमा कंपनीतली नोकरी, त्यामुळे आम्हीही कधीतरी इथून हलणार असं धरूनच राहत होतो. एवढ्या मोठ्या कॉलेजात मराठी बोलणारी आम्ही दोघंच. ते मला अखेरपर्यंत 'केमिस्टवाल्या मॅडम' म्हणत आणि अंग दुखलं की गोळी विचारायला येत. मी हजारदा सांगितलं असेल की माझा औषधांशी संबंध नाही. "असं कसं," ते म्हणत, "बाटल्या त सगळ्या तुमच्याकडंच हाय."

त्यांच्या संघात दहा मुली. कुणी शर्मा, कुणी गुर्जर, कुणी मीणा, पण चार मराठी शब्द सगळ्यांना येत: पळ, थांब, वाक, सोड. समोरच्या संघाला कळत नसत, म्हणून ती आमची गुप्त भाषा होती. आधी पाचवा शब्दही होता. बचाव करताना गुडघे मोडून खाली बसावं लागतं, तर सर ओरडत, "बस! बस!" एका महत्त्वाच्या सामन्यात ते जीव तोडून "बस! बस!" ओरडले आणि आमच्या मुलींना वाटलं, सर पुरे म्हणताहेत. पाचही जणी हात खाली सोडून उभ्या राहिल्या. समोरचीने शांतपणे चेंडू बास्केटमध्ये टाकला. त्या दिवसापासून तो शब्द बंद झाला.

शिट्टी ते वापरत नसत, टाळी वाजवत. सामना चालू असताना कधी बसत नसत. पोरी उभ्या आहेत आणि मी बसू कसा, असं त्यांचं म्हणणं. खिशात नेलकटर असे. सरावाआधी दहाही जणींचे हात पुढे, आणि सर एकेक नख तपासत. एकदा एक मुलगी मावसबहिणीच्या लग्नाहून लांब रंगवलेली नखं घेऊन आली. म्हणाली, "सर, परवा रिसेप्शन आहे, तोपर्यंत ठेवू द्या." सर म्हणाले, "ठेव. परवापर्यंत कोर्टच्या बाहेर बसून ठेव." तिने तिथेच नखं कापली आणि रडली. दुसऱ्या दिवशी मंगलावहिनींनी तिच्यासाठी डबा पाठवला. नखांबद्दल कुणी काही बोललं नाही.

एक सामना मी स्वतः पाहिला आहे. शेवटचे काही सेकंद उरले होते, आम्ही एका गुणाने पुढे. चेंडू आमच्या मुलीच्या बोटाला लागून बाहेर गेला, पण पंचाला वाटलं त्यांच्या मुलीला लागला. चेंडू आम्हाला मिळाला. आता वेळ काढला की संपलं. तेवढ्यात सर पंचाच्या टेबलाशी गेले आणि आपल्याच मुलीकडे बोट करून म्हणाले, "इसको लगा. मैंने देखा." पंच चकित. चेंडू तिकडे गेला, त्यांनी बास्केट केली, आम्ही हरलो. मुली बसमध्ये त्यांच्याशी बोलायला तयार नव्हत्या. वाटेत सरांनी बस थांबवून सगळ्यांना कचोरी खायला घातली. मी हळूच विचारलं, "सर, पंचाने दिलं होतं ना? तुम्ही कशाला मध्ये पडलात?"

"मले दिसलं न," ते म्हणाले. "दिसलं त सांगा लागते." आणि कचोरीवर चटणी घेत राहिले.

मग कोरोना आला. कॉलेज बंद झालं, मुली आपापल्या घरी गेल्या. वर्ग फोनवर सुरू झाले. थेंब मोजायचं टायट्रेशनही मी फोनवर शिकवलं, त्याला काय अर्थ होता ते मला अजून कळलेलं नाही. सरांनी काय केलं, तर स्टोअरमधले दहा चेंडू परवानगी न घेता बाहेर काढले आणि थोडी मोकळीक मिळताच स्कूटरवर दोन दोन करून मुलींच्या घरी पोचवले. प्राचार्या माथुर मॅडमनी जाब विचारला तेव्हा म्हणाले, "मैडम, गेंद को कोरोना नहीं होता." रोज सकाळी फोनच्या त्या लहान चौकोनांत दहा मुली दिसायच्या. कुणी गच्चीवर, कुणी जिन्यात, आणि संघाची कॅप्टन कोमल मीणा बस्सीला त्यांच्या घराच्या शेणाने सारवलेल्या अंगणात. त्या अंगणात चेंडू नीट उसळत नसे. ती गुडघ्याएवढी वाकून तो उसळवायची. सर म्हणायचे, "हे पाहा, हिचा बचाव कसा सुधारला."

दुसऱ्या वर्षी थंडी संपता संपता आकडे खाली आले. लोक म्हणायला लागले, गेलं ते संकट. आणि पत्र आलं: होळीनंतर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होणार, प्रेक्षकांविना, खेळाडूंची तपासणी करून. त्यातूनच विद्यापीठाचा संघ निवडला जाणार.

क्रीडा समितीत आम्ही तिघं होतो: माथुर मॅडम, सर आणि मी. मी कशी, तर कुणीच तयार नव्हतं म्हणून. माथुर मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्या म्हणाल्या, सगळी कॉलेजं संघ पाठवताहेत, मुली वर्षभर घरात कोंडल्या आहेत, त्यांचं एक वर्ष आपण का बुडवायचं? मलाही ते पटलं. सर मात्र मान हलवत राहिले.

"मैडम, कोर्ट पे पाँच लड़कियाँ नहीं होतीं," ते त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले. "पाँच घर होते हैं. सामने भी पाँच घर. पूरा मोहल्ला पसीने में एक-दूसरे को रगड़ता है. प्रेक्षक नहीं हैं तो क्या हुआ, घर में तो आदमी बैठे हैं."

सरांच्या शब्दाखातर संघ जाणार नाही, असं ठरलं. म्हणजे जवळजवळ ठरलं.

दुसऱ्या दिवशी कोमल बस्सीहून बसने आली. एकटी, तोंडाला ओढणी गुंडाळून. आम्ही दोघं कोर्टच्या कडेला उभे होतो. तिचं शेवटचं वर्ष होतं. विद्यापीठाच्या संघातून खेळल्याचं प्रमाणपत्र मिळालं तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या कोट्यातून अर्ज करता येणार होता. नाही तर परीक्षा झाली की लग्न. मुलगा बघून झाला होता.

"सर, आप सबके घर की सोच रहे हो," ती म्हणाली. "मेरे घर की तो मैं ही सोचूँगी ना. मला हे एकच दार आहे."

शेवटचं वाक्य तिने खरोखर मराठीत म्हटलं. कुठून जुळवून आणलं होतं कोण जाणे. सर तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दहाही घरी जाऊन पाहतो. मग सांगतो."

मुलींच्या घरी जायचं तर बरोबर बाई असलेली बरी, म्हणून मी गेले. माझ्या गाडीतून चार दिवस आम्ही दहा घरं फिरलो. सर प्रत्येक घरी तेच विचारत: घरात कोण कोण आहे, कुणाला काही आजार आहे का, मुलगी झोपते कुठे, आली तर वेगळी ठेवता येईल का. डॉक्टरसुद्धा इतकं विचारत नाहीत. एका घरी वडिलांची बायपास झालेली निघाली. सर म्हणाले, ही येणार नाही. झोटवाड्यात निकिताच्या घरी तिची आजी खाटेवर बसली होती, तिला दमा. उशाशी औषध ओढायचा निळा पंप होता. सरांनी तो हातात घेऊन पाहिला, परत ठेवला आणि निकिताला म्हणाले, "तू नहीं, बेटा." निकिता खूप भांडली. आजीसुद्धा म्हणाली, माझं काय, मी तर जाणारच आहे, पोरीला खेळू द्या. सर ऐकेनात. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "दम्याच्या माणसाले हा रोग सोडत नाही मॅडम. याच्यात मी कुणाचं ऐकणार नाही."

शेवटचं घर कोमलचं.

बस्सीच्या बाहेर, शेताला लागून दोन खोल्या. वडील दगड घासायच्या कारखान्यात कामाला. हडकुळा, ताठ बसलेला माणूस, डोक्यावर स्वच्छ साफा, डोळ्यांवर जाड चष्मा. आमच्यासाठी शेजाऱ्यांकडून दोन खुर्च्या आणल्या होत्या. कोमलच्या आईने पदराआडून चहा दिला. सरांनी त्यांचे सगळे प्रश्न विचारले.

"कोई बीमार तो नहीं घर में?"

"ना साहब. सब बढ़िया सा," मीणाजी म्हणाले.

"आपको खाँसी-वाँसी? पत्थर का काम है."

"ना जी."

आम्ही तिथे अर्धा तास होतो. एवढ्या वेळात तो माणूस एकदाही खोकला नाही. आता मला कळतं, की ते त्याला किती जड गेलं असेल. त्याच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या आणि बोलताना दर तीन शब्दांनी तो थांबत होता. माझ्या समोरच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्याच्यापुढे कुठल्याशा खताच्या दुकानाचं कॅलेंडर टांगलेलं. पंख्याच्या वाऱ्याने कॅलेंडर हललं आणि त्याच्यामागून निळं टोक दिसलं. त्याच चार दिवसांत निकिताच्या घरी मी तसा पंप पाहिला होता. चुकायचं काही कारणच नव्हतं.

मी काही बोलले नाही. कोमल दाराशी उभी होती, चेंडू पोटाशी धरून. मी मनात म्हटलं, सरांना दिसलं असेल तर ते बोलतीलच. त्यांना दिसलं नसेल तर मी कोण? पुन्हा वारा आला, पुन्हा दिसलं. सरांनी बशीतला चहा संपवला, हात जोडले आणि म्हणाले, "ठीक है. लड़की को भेजिए."

परतताना कानोत्याच्या धरणापाशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. पाणी बरंच उतरलं होतं. काठावर लोक सहलीला आले होते, कुणाच्याही तोंडाला मास्क नव्हता, मुलं पतंग उडवत होती. आम्ही गाडीतच बसून राहिलो. मला वाटलं, आता ते बोलतील. कदाचित त्यांनाही वाटत असेल, की मी बोलेन. शेवटी ते म्हणाले, "पोरगी चांगली हाय." मी म्हटलं, "हो ना." मग आम्ही निघालो.

आठ मुलींचा संघ गेला. तीन दिवस स्पर्धा झाली. गॅलरीतल्या एक सोडून एक खुर्चीवर फुली मारलेली होती, जरी तिथे बसायला कुणी येणारच नव्हतं. माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये चेंडूचा आवाज कसा विरून जातो. तिथे तो प्रत्येक वेळी भिंतींवर आपटून परत येत होता. मी फुली नसलेल्या एका खुर्चीवर बसले होते. सर तिन्ही दिवस नेहमीसारखे उभे. कोमल खेळली ती इतकी, की समोरच्या संघाचे कोचही टाळ्या वाजवायला लागले. आम्ही दुसरे आलो. विद्यापीठाच्या संघात तिचं नाव लागलं. प्रमाणपत्राला घाम लागू नये म्हणून तिने ते दोन बोटांत धरून आईवडिलांना फोनवर दाखवलं. पलीकडून मीणाजींचा आवाज आला, "सर ने दिखा. सर कठै है?" म्हणजे सरांना दाखव, सर कुठे आहेत. सरांनी फोनकडे पाहून हात जोडले आणि लगेच बाजूला झाले.

आठवड्याने एका मुलीला वास येईनासा झाला. तिला बाकी काही झालं नाही. मग कोमलचा अहवाल आला. तिला तापही नव्हता. आणि मग मीणाजी.

एप्रिलातले ते दिवस सगळ्यांनाच आठवतात, मी काय वेगळं सांगणार? खाट नाही, ऑक्सिजन नाही, फोन उचलत नाहीत. मी घरातून फोन करत होते, सर रस्त्यावर होते. मीणाजींना जयपूरला आणलं ते त्यांनीच. सिलिंडरच्या रांगेत उभे राहिले तेही तेच. मंगलावहिनी मला फोन करून रडायच्या: "मॅडम, याईले सांगा न घरी या म्हणून. याईचंबी वय झालं." मी सांगितलं. ते म्हणाले, "हो, येतो." आले नाहीत. पाचव्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला.

"मॅडम, मीणाजी गेले."

मग म्हणाले, "त्याईचा चश्मा माझ्याजवळच राहिला हो. आत नेताना माझ्या हाती देल्ला होता."

गावात त्याच सुमाराला एक लग्न झालं होतं. कारखानाही चालू होता. कोण कुणाला भेटलं, कुठून आलं, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. हे मी सरांना म्हटलं, माथुर मॅडमनी म्हटलं, वहिनींनी म्हटलं. सगळ्यांना ते एकच उत्तर देत, "हो, असंल."

पावसाळ्यात कॉलेज अर्धंमुर्धं उघडलं. कोर्टच्या भेगांतून गवत आलं होतं. एक दिवस खिडकीतून पाहिलं, तर सर खराट्याने कोर्ट झाडत होते. खेळायला कुणी नव्हतं. मी खाली गेले. त्यांनी खराटा भिंतीला टेकवला आणि हवापाण्याची चौकशी करावी इतक्या साध्या आवाजात विचारलं:

"मॅडम, त्या दिवशी बस्सीले, मीणाजीच्या घरी. कॅलेंडरच्या मागं पंप होता. तुमाले दिसला होता काय?"

मी म्हटलं, "नाही सर. कसला पंप?"

का म्हटलं, ते मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. भीती होती, दुसरं काही नाही. 'हो' म्हटलं असतं तर त्या घरात मीही बसलेली होते हे खरं झालं असतं.

सर माझ्याकडे बघत राहिले. मग मान डोलावली. "हां. तुमी त दारापाशी बसल्या होत्या. तिथून नसंल दिसला."

मी दारापाशी बसले नव्हते. कोनाड्यासमोर बसले होते.

त्यानंतर महिन्याभरात त्यांनी कॉलेज सोडलं. राजीनाम्यात काय लिहिलं होतं, मला माहीत नाही. मला वाटलं, आता अमरावतीला जातील, पण गेले नाहीत. मंगलावहिनींकडून कळायचं, की दर रविवारी पहाटेच्या बसने बस्सीला जातात. पोलीस भरतीत धावण्याची परीक्षा असते. बस्सीच्या शाळेच्या मैदानावर कोमल धावायची आणि सर घड्याळ घेऊन उभे राहायचे. चेंडूला मात्र त्यांनी पुन्हा हात लावला नाही. घरातला एक जुना चेंडूही वहिनींना कुणाला तरी देऊन टाकायला सांगितला. "टीव्हीवर खेळ लागला," वहिनी म्हणाल्या, "त उठून खाली कारखान्यात जाऊन बसतात. म्हणतात, त्या मशिनीचा आवाज बरा."

मी त्यांना भेटायचं टाळू लागले. एकाच शहरात असून वर्षभर टाळता येतं.

कोमलची निवड झाली. प्रशिक्षण संपल्यावर दीक्षांत परेडचं आमंत्रण मला तिने स्वतः फोन करून दिलं. मी गेले. मांडवात पहिल्या रांगांत घरची मंडळी होती. कोमलची आई होती, आता डोक्यावरचा पदर मागे सरलेला. सर कुठे दिसले नाहीत. परेड झाली. खाकी गणवेशात, टाचा आपटत चाललेल्या त्या रांगेत मला कोमल आधी ओळखूच आली नाही. नंतर ती आमच्याकडे आली, आईच्या पाया पडली, माझ्याही पडली, आणि इकडेतिकडे बघायला लागली.

"सर आये हैं ना? बोले थे, आऊँगा."

मी म्हटलं, बघते. ती माझा हात धरून बाजूला घेऊन गेली आणि हळू आवाजात बोलायला लागली. वडिलांचा चष्मा द्यायला सर घरी आले होते, तेव्हाची गोष्ट. आईसमोर हात जोडून म्हणाले होते, तुमच्या घरात पंप मला दिसला होता आणि मी गप्प बसलो.

"मॅम, वो पंप तो मैंने ही छुपाया था," कोमल म्हणाली. "पापा ने कहा था, छुपा दे. कैलेंडर मैंने टाँगा. मैंने सर को बताया भी. सर बोले, तूने छुपाया तो तू बच्ची थी. मैं तो बच्चा नहीं था."

तिचे डोळे कोरडे होते. टोपी सरळ करून ती फोटोसाठी बोलावणाऱ्या मैत्रिणींकडे गेली.

सर फाटकाच्या बाहेर सापडले, एका कडुनिंबाच्या झाडाखाली. खूप वाळले होते. आता कुणीच लावत नव्हतं, पण त्यांच्या तोंडाला मास्क होता.

"दिसली काय पोरगी?" त्यांनी विचारलं. "मले इकडून नुसत्या टोप्या दिसल्या."

"दिसली. आत चला ना, ती शोधते आहे तुम्हाला."

"जाईन. गर्दी होऊ द्या कमी." मग म्हणाले, "आमी मंगळवारी जाऊन राहिलो, अमरावतीले. खोली सोडली."

फाटकातून माणसं येत-जात होती. बँड थांबला होता. मी म्हटलं, "सर, मलाही दिसला होता."

काय दिसला, असं त्यांनी विचारलं नाही.

"माहीत हाय," ते म्हणाले. "तुमी तिकडं पाहून राहिल्या होत्या म्हणून त मी पाह्यलं. नाही त मी काय, चहातच पाहून राहिलो होतो."

मी विचारलं, "मग त्या दिवशी कोर्टवर मला का विचारलंत?"

मास्कमुळे चेहरा दिसत नव्हता, फक्त डोळे दिसत होते, आणि त्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"वाटलं," ते म्हणाले, "हे ओझं उचलाले दोघं राहू."

एवढ्यात एक कुटुंब आमच्यापाशी आलं. नव्याने गणवेश चढवलेली दुसरीच कुणी मुलगी, तिचे आईवडील, काका, आत्या, कडेवरची पोरं, काठी टेकत आलेली म्हातारी. काकांनी सरांच्या हातात फोन दिला: "बाबूजी, एक फोटो खींच दो. सब आने चाहिए." सरांनी फोन दोन्ही हातांत धरला. माणसं चौकटीत मावेनात. ते एक पाऊल मागे गेले, मग आणखी एक. एका टोकाची म्हातारी बाहेर राहत होती. ते आणखी मागे सरकले. मी काही बोलायचा प्रयत्न केला, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. येणाऱ्या-जाणाऱ्यांना चुकवत, फोन डोळ्यांसमोर धरून, पाठीमागे न बघता ते मागे मागेच जात राहिले, आणि मधे माणसं येत गेली.